डाळिंबाच्या सालीचा डाग

घंटा सगळ्यांसाठी वाजत नाही. काशानच्या जीनगर बाजारामागे जो जुना झूरखाना आहे, त्या तालमीचं दार मुद्दाम ठेंगणं ठेवलेलं आहे. येणारा हाजी असो की हमाल, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पण वाकून आत गेल्यावर मात्र पायरी ठरते. हौद्याच्या, म्हणजे मधल्या खोलगट आखाड्याच्या वर, ओट्यावर मांडीशी ढोल घेऊन बसलेला मुर्शिद नवख्याला नुसतं ‘या’ म्हणतो, जुन्यासाठी ढोलावर थाप मारतो, आणि गावात जे चार-पाच मानाचे पहलवान असतील त्यांच्यासाठी डोक्यावर टांगलेली पितळी घंटा ओढतो. घंटा वाजली की हौद्यातले सगळे हातातले मुद्गल थांबवतात आणि पैगंबरांच्या नावाने सलवात म्हणतात. माणसं या घंटेसाठी जन्मभर गुडघे झिजवतात आणि बहुतेक ती न मिळताच मातीत जातात.

नौरोजअली जीनगराला ती बारा वर्षं रोज मिळत होती. कुस्ती म्हणाल तर या गृहस्थाने उभ्या जन्मात एक फड मारला नव्हता. खोगीर, पट्टे, लगाम शिवणारा माणूस. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याला घंटा मिळाली ती साबिर पहलवानाच्या चोळण्यामुळे.

साबिर पहलवान वारला त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली. कपाळ फुटलेलं असताना त्याने इस्फहानच्या पहलवानाला आस्मान दाखवलं, आणि त्या दिवशी उजव्या मांडीवर सुकलेला रक्ताचा ओघळ शेवटपर्यंत कोणाला धुऊ दिला नाही, ही गोष्ट काशानातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याचा तो कातडी चोळणा, कुस्तीची आखूड विजार, हौद्यासमोरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत टांगलेला असतो. दुहेरी चामडं, त्यावर रेशमाच्या कोयऱ्या, कमरेला जाड पट्टा, कारण कुस्तीत समोरच्याने हात घालायचा तो तिथंच. जोर काढण्याआधी माणसं काचेला बोटं लावतात, ती ओठांना लावतात, आणि सगळ्यांची नजर उजव्या मांडीवरच्या तपकिरी डागाकडे जाते.

तो डाग डाळिंबाच्या सालीचा होता. नौरोजअलीला हे पक्कं माहीत होतं, कारण तो त्यानेच पाडला होता.

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी साबिरच्या नातवाने घर विकलं, तेव्हा माळ्यावरच्या पेटाऱ्यात हा चोळणा सापडला. त्याने तो झूरखान्याला दिला आणि मुर्शिद इनायतने तो फडक्यात गुंडाळून नौरोजअलीच्या दुकानात आणून ठेवला. “गदीरच्या ईदला टांगायचाय. फाटलंय तेवढं शिव, बाकी हात लावू नकोस,” एवढंच मुर्शिद म्हणाला. नौरोजअलीने फडकं सोडलं तर चोळण्याच्या घडीत एक मेलेला उंदीर. वाळून खारकेसारखा झालेला.

आता झूरखान्यात हातपाय-तोंड धुऊन वजू केल्याशिवाय माणूस हौद्यात पाय ठेवत नाही, आणि तिथल्या भिंतीवर उंदराने नापाक केलेली वस्तू टांगायची? नौरोजअलीच्या मनाला ते पटेना. त्याने ना कोणाला विचारलं, ना दोन दिवस थांबला. चोळणा अंगणातल्या हौदात तीन वेळा बुडवून काढला, नियमाप्रमाणे, ओठांनी दुआ म्हणत. चामडं भिजवणं तर त्याचा रोजचा धंदा. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. फक्त ते चामडं नवं असायचं. हे शंभरीला टेकलेलं. या चामड्याने चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं पाणी पिऊन टाकलं. घाबरून नौरोजअलीने ते शेगडीशी वाळत घातलं, आणि पहाटे पाहतो तो साबिर पहलवानाच्या चोळण्याचं करपलेलं वांगं झालेलं. काळं, आक्रसलेलं, हात लावला की कडेने चुरा पडणारं.

चार-पाच महिन्यांनी त्याने मशिदीतल्या मौलवीला आडून आडून विचारलं, “समजा, मेलेला उंदीर सुका, आणि वस्तूही सुकी, तर?” मौलवी म्हणाला, “सुक्याला सुकं लागलं तर काय नापाक होतंय? झटकायचं आणि वापरायचं.” नौरोजअली तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. मौलवीला वाटलं, उन्हाने चक्कर आली.

तोवर दुसरा चोळणा टांगून झाला होता. नौरोजअलीने तो साडेतीन महिन्यांत शिवला होता. दुकानाचं दार लावून, दुपारी सगळा बाजार झोपलेला असताना. बकऱ्याचं जुनं चामडं एका खोगिरातून काढलं, रेशमासाठी बायकोच्या, गोहरच्या, दोन बांगड्या गेल्या, आक्रोडाच्या सालीने रंग दिला, आणि कमरेच्या पट्ट्यावर डाव्या बाजूला स्वतःच्या मुठीने घासून घासून झीज आणली. साबिरचे प्रतिस्पर्धी तिथंच धरत, असं सगळे सांगत म्हणून. शेवटी डाग. रक्त वापरायची त्याची छाती झाली नाही. डाळिंबाच्या सालीने काम भागलं.

ईदच्या दिवशी काच बसली, माणसं रडली, आणि नौरोजअली ठेंगण्या दारातून वाकून आत आला तेव्हा मुर्शिद इनायतने दोरी हातात घेऊन घंटा ओढली. पहिल्यांदा त्याला वाटलं, मागून कोणी मोठा माणूस येतोय. त्याने बाजूला होऊन वाट दिली. माणसं हसली, किती हा विनय म्हणाली, आणि तिथून पुढे मान काढून घ्यायची सोयच उरली नाही.

बारा वर्षं हे असं चाललं. आजारी पडावं तर माणसं मोसंबी घेऊन घरी येत. गाव सोडावं तर जायचं कुठे? खरा चोळणा, म्हणजे ते करपलेलं वांगं, तळघरात तांदळाच्या रिकाम्या डब्यात होतं. तो टाकून द्यायलाही नौरोजअलीचा हात धजत नव्हता आणि बघायलाही. गोहर दर वर्षी नवरोजच्या साफसफाईला तो डबा उचलून त्याच्याखाली झाडायची आणि परत तिथंच ठेवायची. “मला काय,” म्हणायची, “लोक मांजर पाळतात, तुम्ही भूत पाळलंय.”

बाराव्या वर्षीच्या हिवाळ्यात झूरखान्याच्या घुमटाला तडा गेला. मातीचा जुना घुमट, एका पावसात हौद्यात ढेकळं पडली. गवंड्याने सांगितलेला आकडा ऐकून मुर्शिद इनायतने कानाला हात लावले. आणि नेमका त्याच महिन्यात तेहरानहून आगा काम्बीज येऊन उभा राहिला.

काम्बीज जुन्या खेळांच्या वस्तू विकत घेणारा. ऑलिंपिकला गेलेल्यांचे जोडे, कुस्तीगिरांचे पट्टे, फुटबॉलचे फाटके सदरे, काहीही. गोड बोलणारा, हाताला सुगंध येणारा माणूस. आखातातल्या कुणा शेखाने या असल्या वस्तूंसाठी अख्खा महाल बांधलाय, आणि त्याला साबिर पहलवानाचा चोळणा हवाय, असं त्याने सांगितलं. त्या पैशांत घुमट तर होणारच होता, वर गरम पाण्याची सोयसुद्धा. मुर्शिदने आठ दिवस डोकं धरलं. शेवटी म्हणाला, “घुमट पडला तर चोळणा टांगायचा कशाला? बघून घ्या.”

बघायला आत गेले ते काम्बीज आणि नौरोजअली, दोघेच. मुर्शिदला ढोल उन्हात शेकायचा होता, तो म्हणाला, “नौरोजअली आहे ना. त्याच्याइतका तो चोळणा कोण ओळखतो?”

काम्बीजने काच काढून घेतली, खिशातून बोटभर लांबीची बॅटरी काढली आणि आपला कोट डोक्यावरून पेटीवर ओढला. कोटाच्या अंधारात निळसर उजेड पडला. नौरोजअलीही डोकं घालून बघत होता. चामडं काळं राहिलं. आणि कोयऱ्यांच्या कडेचा, कमरेच्या पट्ट्याचा, मांडीच्या शिवणीचा प्रत्येक टाका पांढराफेक चमकू लागला. नौरोजअलीने तो दोरा चहाच्या पाण्यात तीनदा उकळला होता. बाजारातला साधा कारखान्याचा दोरा; त्यातली सफेदी असल्या उजेडात लपत नाही.

काम्बीजने बॅटरी विझवली. कोट झटकून अंगात घातला, काच जागेवर बसवली आणि बोटं काचेला लावून ओठांना लावली. बाहेर येऊन मुर्शिदला म्हणाला, “माशाल्ला. डोळ्यांचं पारणं फिटलं.”

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. नौरोजअलीने चहा ठेवला.

“उस्ता,” कसबी कारागिराला म्हणतात तसं काम्बीज साखरेचा खडा दातांत धरून म्हणाला, “मी या धंद्यात सव्वीस वर्षं आहे. असा टाका घालणारे दोनच कारागीर मी पाहिले. दोघंही वारले.”

नौरोजअलीने त्याच्यापुढे साखरदाणी सरकवली.

“कमरेची झीज बघून तर मी थक्क झालो. डाव्या बाजूला जास्त, उजव्या बाजूला अंगठ्याएवढी. हे सुचायला लागतं. नुसत्या हाताचं काम नाही हे.”

आणि इथे एक लाजिरवाणी गोष्ट घडली, जी नौरोजअलीने पुढे गोहरलाही सांगितली नाही. त्याला आनंद झाला. भीती होती आणि तरी त्याच्या कानाच्या पाळ्या आनंदाने गरम झाल्या. बारा वर्षं लोक त्याला जे केलं नव्हतं त्याबद्दल शाबासकी देत होते. जे केलं होतं, साडेतीन महिने डोळे फोडून, ते आज पहिल्यांदा कोणी तरी बघितलं होतं. आणि बघणारा भेटला तो हा.

“काय हवंय तुम्हाला?” त्याने विचारलं.

“एक कागद. तुम्ही लिहून द्यायचं की मूळ चोळण्याचा फक्त दहावा हिस्सा दुरुस्त केला, दोरा नवा घातला. म्हणजे उद्या तिकडे कोणी बॅटरी मारली तरी दोरा चमकतो त्याला कारण सापडलं. शेखाला वस्तू मिळते, तुमच्या मुर्शिदला घुमट मिळतो. कोणाचं वाईट होतंय?”

“आणि?”

काम्बीज हसला. “तुम्ही हुशार आहात. आणि माझ्याकडे तीन नावं आहेत. एक केरमानचा पहलवान, दोन तब्रीझचे. नावं मोठी, मागे चिंधीसुद्धा राहिली नाही. जुनं चामडं मी देईन. जुना रेशमी दोराही देईन, चमकणार नाही असला. तुम्ही फक्त बसायचं आणि शिवायचं.”

“मी नाही म्हटलं तर?”

“उस्ता, मी कशाला कोणाला काही सांगू? मला धंदा करायचाय. पण घेत नाही म्हटलं की मुर्शिद विचारणार, का घेत नाही. तेव्हा मी खोटं बोलू? मी पाच वेळचा नमाजी माणूस.” त्याने पेला पालथा घातला. “गुरुवारी येतो. कागद तयार ठेवा.”

जाताना त्याने एक पुडकं मागे ठेवलं. त्यात जुन्या रेशमाच्या चार लडी होत्या, विटकरी, निळी, हळदी आणि काळी. नौरोजअली ते दोन दिवस न उघडता बाजूला ठेवू शकला. तिसऱ्या दिवशी त्याने नुसतं बघू म्हणून एक लड सोडली, नुसतं बघू म्हणून सुईत ओवली, आणि संध्याकाळी गोहर जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा कातड्याच्या तुकड्यावर तळहाताएवढी कोयरी शिवून झाली होती.

गोहरने डबा खाली ठेवला. कोयरीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. “माझ्या बांगड्या घेऊन गेली तिच्यापेक्षा सुंदर आहे. आता या वेळी काय विकू? दात?”

“या वेळी आपल्याला मिळणार आहेत.”

“मिळणार की.” ती उकडलेल्या मटणाच्या रश्श्यात संगक रोटीचे तुकडे मोडून घालू लागली. “एका भुताला डबा आहे आपल्याकडे. चारांना मोठा पेटारा लागेल, त्याचं बघा आधी.”

“मग करू काय ते तरी सांग. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कागद दिला तर जन्मभर त्याचा गुलाम. नाही दिला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. ती घंटा… तुला माहितेय, रोज पहाटे दाराशी वाकतो तेव्हा वाटतं, आज दोरी तुटू दे.”

“जेवा आधी, उस्ता. गार होईल,” गोहर म्हणाली. आणि तो निम्मा जेवल्यावर हळूच म्हणाली, “तो तेहरानवाला तुम्हाला कशाच्या जोरावर धरून आहे? मुर्शिदला माहीत नाही, या जोरावर. मग मुर्शिदला माहीत करा की.”

एवढं सोपं होतं. बारा वर्षं सोपं होतं.

मुर्शिद इनायत पहाटे ढोल वाजवायचा आणि दिवसभर दही विकायचा. बुधवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, नौरोजअली तांदळाचा डबा काखोटीला मारून त्याच्या दुकानात गेला. दह्याच्या मडक्यांवर ओली फडकी घातलेली होती. त्याने डबा जमिनीवर ठेवला, झाकण काढलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. उंदीर, हौद, शेगडी, खोगिराचं चामडं, डाळिंबाची साल, निळा उजेड, तीन नावं. मध्ये थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं.

मुर्शिदने सगळं ऐकून घेतलं. त्याचे हात दह्याने माखलेले होते, ते त्याने तसेच हवेत धरले होते.

“अजून कोणाला माहीत आहे?”

“गोहरला. आणि त्या काम्बीजला.”

“आणि आता मला.” मुर्शिदने डब्यात वाकून बघितलं. “कशासाठी सांगितलंस? तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून?”

नौरोजअलीने डब्याचं झाकण उचललं आणि परत खाली ठेवलं.

“झालं ना हलकं? आलं ते माझ्या डोक्यावर.” आवाज चढला नव्हता, हेच जास्त लागत होतं. “ते दोघे वाणी भाऊ, अठरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. त्या पेटीसमोर मी त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. त्या रंगाऱ्याने त्या डागाची शपथ घेऊन अफू सोडली. सोडली म्हणजे सोडली, आज सात वर्षं झाली. त्यांना काय सांगू मी? की बाबांनो, डाळिंबाच्या सालीपुढे रडलात?”

“मी सांगतो. शुक्रवारी हौद्यात उभा राहतो आणि सगळ्यांसमोर…”

“गप्प बस.” मुर्शिदने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. “तू सांगशील आणि तुझी छाती मोकळी होईल. रंगाऱ्याचं काय होईल ते तू बघायला जाणार आहेस?”

मग तो उठला. मागच्या नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, मग तोंड धुतलं, डोक्यावरून आणि पायांवरून ओला हात फिरवला. नमाजाची वेळ नव्हती. परत येऊन खाली बसला, डब्यात दोन्ही हात घालून ते काळं आक्रसलेलं गाठोडं त्याने इतक्या हळू बाहेर काढलं की चुरासुद्धा पडला नाही. त्याला ओठ लावले. एकदा, दोनदा. नौरोजअलीने बारा वर्षांत ते कधी केलं नव्हतं. ते बघून नौरोजअलीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

“याच्यावर डाग कुठे होता?” मुर्शिदने विचारलं.

“इथे. उजव्या मांडीवर. आता दिसत नाही.”

“मला दिसायची गरज नाही.” त्याने खांद्यावरचा धुतलेला पंचा काढला आणि गाठोडं त्यात बांधलं. “हे आता माझ्याकडे राहील. तू जा. गुरुवारी त्या माणसाला माझ्याकडे पाठव.”

नौरोजअली दारापर्यंत गेला आणि परत आला. “मुर्शिद, एक मागतो. माझ्यासाठी घंटा वाजवू नका. निदान एवढं तरी. मी नवख्यासारखा येईन, कोपऱ्यात उभा राहीन.”

“आणि पहिल्याच दिवशी चाळीस माणसं मला विचारतील, उस्ताने काय केलं म्हणून घंटा बंद झाली. काय सांगू?” मुर्शिदने मडक्यावरचं फडकं सारखं केलं. “ती घंटा तुझी नव्हती, नौरोजअली. बारा वर्षं तू ती चोरून घेतलीस. आता उघड्या डोळ्यांनी घे. रोज ये. ताप असला तरी ये, पाऊस असला तरी ये. एक दिवस चुकलास तर मी दही टाकून तुझ्या घरी येईन.”

“किती दिवस?”

“माझा हात दोरीपर्यंत पोचतोय तोवर.”

गुरुवारी काम्बीज दह्याच्या दुकानात गेला. काय बोलणं झालं ते पुढे शेजारच्या रोटीवाल्या नानवायाने सगळ्या बाजाराला सांगितलं, अर्थात त्याला कळलं तेवढंच. मुर्शिद म्हणाला, चोळणा विकायचा नाही, मन बदललं. तेहरानवाल्याने आवाज खाली आणून काहीतरी सांगितलं. त्यावर मुर्शिद शांतपणे म्हणाला, “माहीत आहे मला. सगळं माहीत आहे. जा, ओरडून सांग चौकात. आमचा चोळणा खोटा म्हणणारा एक परका, आणि तो खरा म्हणणारा मी. बघू काशान कोणाचं ऐकतं.” तेहरानवाल्याने अर्धा शेर दही बांधून घेतलं आणि गेला. जाता जाता नौरोजअलीच्या दुकानातून रेशमाचं पुडकंही घेऊन गेला. लडी चारच्या चार होत्या, विटकरी थोडी कमी.

घुमटासाठी मुर्शिदने गोलरीजान ठेवलं. हौद्यात चादर पसरायची आणि ज्याने त्याने मूठ झाकून पैसे आत टाकायचे. कोणी किती टाकलं हे बघायचं नाही, अशी रीत आहे. नौरोजअलीने दुकानाची मागची खोली विकली. गोहरने विचारलं, किती दिले? तो म्हणाला, बघायचं नसतं. यावर गोहर बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला काही टोचून बोलली नाही. घुमट पुरा झाला नाही, पण तडा बुजला.

गोलरीजाननंतरच्या शनिवारी पहाटे नौरोजअली निघाला तेव्हा त्याला थोडी आशा होती. खोटं कशाला बोला, होती. मुर्शिद म्हातारा झालाय, राग निवला असेल, नुसत्या ढोलावर भागवेल. तो ठेंगण्या दाराशी वाकला. वाकलेला असतानाच त्याने वर बघितलं.

मुर्शिद इनायत ओट्यावर बसला होता. ओट्याच्या लाकडी पाटाखाली, ढोल ठेवायच्या कोनाड्यात, तो बांधलेला पंचा होता. मुर्शिदने आधी खाली हात नेऊन पंच्याला बोटं लावली, ती ओठांना लावली, आणि मग दोरी ओढली. ओढताना त्याने दाराकडे बघितलं नाही. बारा वर्षं तो घंटा ओढताना नौरोजअलीच्या डोळ्यांत बघून हसायचा.

घंटा वाजली. हौद्यातल्या वीस माणसांनी मुद्गल थांबवले आणि सलवात म्हटली. नौरोजअलीने छातीवर हात ठेवून मान लववली. हौद्यात यझ्दहून आलेला एक पाहुणा होता. त्याने शेजारच्या रंगाऱ्याला हळूच विचारलं, “हे कोण? पहलवान तर वाटत नाहीत.”

“हे आमचे उस्ता नौरोजअली,” रंगारी म्हणाला. “साबिर पहलवानाचा चोळणा यांनी वाचवला.”

पाहुण्याने वाकून नौरोजअलीच्या खांद्याचं चुंबन घेतलं. नौरोजअलीने ते घेऊ दिलं. मग तो हौद्यात उतरला, आपले मुद्गल खांद्यांवर घेतले, आणि मुर्शिदच्या ढोलाबरोबर फेरे मोजू लागला.